पठाराला काय नको

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भूगोल शिकवायचे. मुलांची सहल पठारावर गेली की मुलं फुलांकडे धावत. सर त्यांना थांबवत आणि आधी पायाखालचा दगड बघायला लावत. आजच्या व्याख्यानात मी सरांचाच क्रम ठेवणार आहे. आधी दगड, मग पाणी, मग फूल आणि सरतेशेवटी माणूस. विषय आहे कासचं पठार आणि तिथल्या अस्सल देशी वनस्पती.

कास तुम्हाला नवं नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पश्चिमेला निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर हे पठार लागतं. उंची सुमारे 1200 मीटर. रस्ता तसाच पुढे बामणोलीला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला उतरतो. 1 जुलै 2012 रोजी सेंट पीटर्सबर्गच्या बैठकीत युनेस्कोने पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. ती महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या चार राज्यांत आहेत. गुजरात आणि गोव्यातलं एकही ठिकाण त्यात नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला चार आली: कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान, राधानगरी अभयारण्य आणि कास. कोयनेचं क्षेत्र 42 हजार हेक्टरांवर, चांदोलीचं 30 हजारांच्या पुढे. कास मात्र जेमतेम साडेअकराशे हेक्टर. पहिल्या तिघांकडे गर्द अरण्य आहे, गवे आहेत, बिबटे आहेत. कासकडे आहे एक उघडाबोडका माळ, आणि त्यावर फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेहून अधिक जाती.

एवढ्याशा माळावर इतक्या जाती कशा, हा पहिला प्रश्न. त्या टिकवायच्या कशा, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते एकच आहे, आणि ते मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. कासची श्रीमंती त्याच्या गरिबीतून आलेली आहे. तिथे माती नाही, खत नाही, आठ महिने पाणी नाही, सावली नाही. या नसण्यावर तिथली प्रत्येक वनस्पती पोसलेली आहे. म्हणून कासचं रक्षण करायचं तर त्याला काहीतरी देण्याचा मोह आधी आवरला पाहिजे. आपल्याला हे फार जड जातं. सत्कार्य म्हटलं की आपण काहीतरी लावतो, बांधतो, घालतो.

आता दगडाकडे येऊ. सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश तयार झाला. पुढे ऊन आणि पाऊस यांनी वरचा थर कुजवला. पावसाने दगडातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगं मागे उरली आणि घट्ट होत गेली. तोच जांभा. महाबळेश्वर, पाचगणी, कास, कोल्हापूरकडची पठारं, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गचे सडे आणि गोव्याचे माळ, या सगळ्यांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. जांभा फोडून पाहिला तर आतून अनारशासारखा जाळीदार असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पठाराच्या कडेला, जिथे जांभा संपतो आणि खालचा दगड सुरू होतो, तिथे झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. पठाराखालच्या कितीतरी गावांचे झरे असे वरच्या जांभ्यावर चालतात. माळ ओसाड दिसतो, पण खालच्या गावाचा हंडा तोच भरतो.

या जांभ्यावर माती किती? कुठे अजिबात नाही, कुठे दोन बोटं, खड्ड्यात साचली असेल तर वीतभर. आणि जी आहे ती निकस. दोन-अडीच हजार मिलीमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मातीतलं नत्र धुऊन नेतो. स्फुरद असतं, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असं धरून ठेवतात की मुळांच्या हाती लागत नाही. शेतकऱ्याने ही जमीन पाहिली तर तो मान हलवून पुढे जाईल. जुन्या महसूल खात्यानेही असेच माळ पोटखराब्यात टाकले. पिकाच्या दृष्टीने तो निवाडा चुकीचा नव्हता. मात्र पीक म्हणजेच वनस्पती, असं आपण नकळत धरून चाललो.

पाण्याचा हिशेब याहून विचित्र आहे. जून ते सप्टेंबर हे पठार अक्षरशः पाण्याखाली असतं. उथळ माती चिंब, दगडावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहतो, खळग्यांत डबकी साचतात. ऑक्टोबर सरता सरता सगळं आटतं, आणि डिसेंबरनंतर तोच दगड तव्यासारखा तापतो. म्हणजे एकाच झाडाने वर्षातले चार महिने दलदलीत काढायचे आणि आठ महिने वाळवंटात. मोठ्या झाडाला हे जमत नाही. त्याला बारमाही मुळं रोवायला जागा हवी. इथे जमतं ते छोट्यांना.

छोट्यांनी त्यासाठी तीन युक्त्या काढल्या आहेत. पहिली, बी होऊन राहायचं. गेंद, तेरडा, सीतेची आसवं या एकाच पावसात उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या. दुसरी, कंद होऊन जमिनीत झोपायचं. चवर, दीपकाडी, मुसळी, सापकांदा, आमऱ्या हा सगळा कंदवाल्यांचा गोतावळा. पहिल्या सरी पडल्या की आठवड्याभरात डोकं वर काढतात, कारण शिधा आधीच साठवलेला असतो. तिसरी युक्ती सगळ्यांत धीट. उघड्या कातळावर राहायचं, पूर्ण वाळून जायचं आणि पाणी मिळताच पुन्हा हिरवं व्हायचं. कातळावरचं ट्रायपोगॉन नावाचं बुटकं गवत हेच करतं. मे महिन्यात ते हातात घेतलं तर चुरा होईल असं वाटतं. जूनमध्ये तेच पातं जिवंत होतं.

आता फुलाकडे जाऊ, पण जरा खाली बसून. कासला गेलेला माणूस उभ्याने बघतो आणि लांबवर बघतो. तुम्ही ऑगस्टच्या अखेरीला वाटेच्या कडेला, ओल्या कातळापाशी, झाडावर पाय न देता उकिडवे बसा आणि वीतभर जागा निरखा. पांढऱ्या गोल बोंडांच्या दाटीत, गेंदांच्या मधोमध, निळसर जांभळी इवली फुलं दिसतील. ही सीतेची आसवं. देठ काडीइतका, पान असून नसल्यासारखं, आणि मूळ तर नाहीच. मुळाच्या जागी ओल्या मातीत धागे पसरलेले असतात आणि धाग्यांना मिलीमीटरभर आकाराच्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून रिकामी होते, तिच्या भिंती आत ओढल्या जातात आणि तोंडावरचं झाकण बंद राहतं. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव झाकणाजवळच्या केसाला लागला की झाकण उघडतं, पाणी आत धावतं आणि त्यासोबत तो जीवही. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात उरकतं. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत चपळ हालचालींपैकी ही एक आहे, आणि ती आपल्या पायाखाली, चिखलात, सप्टेंबरभर चाललेली असते.

त्याच वितीत लालसर, चकाकणारं काहीतरी दिसेल. तो दवबिंदू. एका जातीची पानं जमिनीलगत गोल मांडलेली, दुसरीची, गवती दवबिंदूची, उभी आणि गवतासारखी लांब. पानावर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट थेंबाला मध समजून बसतं आणि चिकटतं. आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात आणि पान त्याचा रस शोषून घेतं. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोघांनाही प्रकाश भरपूर आहे, पाणी भरपूर आहे, पोटापुरती साखर ते स्वतः करतात. कमी आहे ते नत्र. मातीत नाही म्हणून त्यांनी ते किड्यांकडून वसूल केलं. चांगल्या, कसदार जमिनीत या वनस्पती दिसत नाहीत, कारण तिथे गवत त्यांना उन्हाचा कवडसाही मिळू देणार नाही. कासची निकस माती हे त्यांचं संरक्षण आहे.

आणखी एक पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे वायतुरा. कातळातल्या खळग्यात वीत-दीड वीत पाणी साचतं. त्यात जून-जुलैला लांबट पानं आणि पाण्यावर उचललेला दुभागलेला, फिकट गुलाबी-जांभळा तुरा दिसतो. 1982 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही जात नवी म्हणून नोंदवली आणि तिला साताऱ्याचं नाव दिलं, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. तिचा शोध लावणाऱ्यांमध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पुढे अनेक पिढ्या घडवणारे डॉ. एस. आर. यादव होते. सह्याद्रीतली मोजकी पठारं सोडली तर ही वनस्पती जगात कुठे नाही. तिचं सगळं घर म्हणजे परातीएवढ्या काही खळग्यांचं. त्यात एक ट्रॅक्टर मुरूम पडला, गाडी लावायला जागा सपाट केली, की तिथली वायतुऱ्याची वस्ती संपली. पंचनामा करायलाही कुणी येणार नाही, कारण खळगा बुजला एवढंच दिसतं.

गवतात शोधली तर कंदीलपुष्पं सापडतात. खरचुडी म्हणून गावकरी ओळखतात ती हीच मंडळी. फुलाचा आकार नळकांड्याचा, वर पाकळ्या टोकाला जुळून कंदिलाच्या दांडीसारख्या. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते, नळीतले केस खालच्या दिशेला रोखलेले असल्यामुळे तिला परत चढता येत नाही. काही काळाने केस सुकतात आणि माशी पराग घेऊन सुटते. पुढच्या फुलात पुन्हा फसते, आणि तेव्हा परागीभवन होतं. यातली सेरोपेजिया जैनी ही 1980 मध्ये नोंदलेली जात वेलीसारखी चढत नाही, गवताच्या उंचीची सरळ उभी राहते. भारतीय लोकवनस्पतिशास्त्राचा पाया घालणाऱ्या डॉ. एस. के. जैन यांचं नाव तिला दिलेलं आहे. तिला आधाराला झाड लागत नाही, कारण ती जिथे राहते तिथे झाडच नाही.

या वनस्पती इथेच का, असं कुणी विचारेल. सह्याद्रीची उंच पठारं ही एकमेकांपासून तुटलेली बेटं आहेत. कास आणि पलीकडचं पठार यांच्यामध्ये खोल दरी आहे, दरीत दाट जंगल आहे. पठारावरच्या वीतभर वनस्पतीचं बी जंगलाच्या सावलीत रुजत नाही, आणि उडून पलीकडे जाण्याइतकं बहुधा नशीब नसतं. लाखो वर्षं अशी वेगवेगळी काढली की बहिणी वेगळ्या होतात. म्हणून या पठाराची जात पुष्कळदा त्या पठारावर नसते. रत्नागिरीच्या सड्यावर फुलणारी कोकणी दीपकाडी घाटावर दिसत नाही, घाटावरची दीपकाडी वेगळी. एक पठार गेलं तर त्याच्या बदली दुसरं देता येत नाही. विकासाच्या कागदपत्रांत पर्यायी वनीकरण नावाचं एक कलम असतं. माळाच्या बाबतीत त्याला काही अर्थ नाही.

आता कॅलेंडरकडे थोडं. कासचा हंगाम म्हणून जो आपण साजरा करतो तो सप्टेंबरचा. तेव्हा तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदांचा पांढरा आणि आसवांचा निळा रंग पट्ट्यापट्ट्याने पसरतो. कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात म्हणून मुलं त्याला मिकी माऊस म्हणतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते तेव्हा तर झुंबड उडते. हे सगळं सुंदर आहेच. पण एक विसंगती लक्षात घ्या. गालिचा करणाऱ्या जाती बहुतेक संख्येने भरपूर असलेल्या आहेत. दुर्मीळ जाती गालिचा करत नाहीत. त्या खळग्यात, भेगेत, गवताच्या आडोशाला, एकेकट्या, आणि पुष्कळदा जून-जुलैच्या धुक्यात फुलून जातात. पर्यटक येईपर्यंत त्यांचं बी पडलेलंही असतं. यंदा गालिचा चांगला का वाईट, यावरून पठाराची तब्येत ठरवणं म्हणूनच धोक्याचं आहे. गालिचा उत्तम असूनही वायतुऱ्याचा शेवटचा खळगा बुजलेला असू शकतो.

श्रोतेहो, आता माणूस. आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते.

कास कधीच निर्मनुष्य नव्हतं. कास, एकीव, आटाळी, कासाणी ही गावं शतकानुशतकं पठाराच्या कुशीत आहेत. 1875 साली सातारा शहराच्या पाण्यासाठी इथे तलाव बांधला. अलीकडे त्याच धरणाची उंची वाढवली. तलावाच्या वरच्या अंगाचं रान पाण्यासाठी म्हणून सांभाळलं गेलं आणि त्याचा लाभ वनस्पतींना आपसूक झाला. माळावर गुरं चरत होती. गावकरी गवत कापून नेत होते. 2012 मध्ये जागतिक वारसा जाहीर झाला आणि गर्दीचा लोंढा आला. माणसं फुलांवर बसून, लोळून फोटो काढू लागली. गाड्या माळावर चढल्या. तेव्हा वनखात्याने गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना सोबत घेतलं, प्रवेशशुल्क लावलं, दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घातली, आणि पठाराच्या मोठ्या भागाला लोखंडी जाळीचं कुंपण घातलं.

हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. तुडवणं थांबलं. पण कुंपणाने गुरंही थांबली. काही वर्षांत गावकरी सांगू लागले की गवत वाढतंय आणि फुलं मागे पडतायत. काही अभ्यासकांनीही हेच म्हटलं. बरीच वादावादी झाली आणि अखेरीस जाळी काढण्यात आली.

या घटनेचा अर्थ लावताना दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, गावकऱ्यांचंच खरं, गुरं म्हणजेच रक्षण. दुसरं म्हणतं, गुरांनी माळ खाऊन टाकला असता, जाळी काढणं ही चूक. मला दोन्ही अपुरी वाटतात. आपण हिशेब मांडून पाहू. गाय दिवसभर माळावर चरते आणि संध्याकाळी गोठ्यात येते. रात्रीचं शेण गोठ्यात पडतं. ते शेणखत होऊन खालच्या शेतात जातं. कापलेलं गवत गंजीला लागतं आणि तेही खालीच राहतं. म्हणजे वर्षानुवर्षं पठारावरून नत्र आणि स्फुरद खाली वाहून नेलं जात होतं. गावाच्या दृष्टीने तो शेतीचा आधार होता. पठाराच्या दृष्टीने ती एक सततची वजाबाकी होती, आणि त्या वजाबाकीने माती निकस राहिली, गवत आखूड राहिलं, दवबिंदूला ऊन मिळत राहिलं. जाळीने ही वजाबाकी थांबवली. गवत वाढलं, जागच्या जागी कुजलं, आणि पुढच्या वर्षी आणखी वाढलं. आपण पठाराला काहीही दिलं नाही असं आपल्याला वाटलं. प्रत्यक्षात आपण त्याला दरवर्षी गवताचं खत देत होतो.

निकस जमिनीवर जाती जास्त असतात, हे काही कासपुरतं खरं नाही. इंग्लंडात रॉथॅमस्टेड इथे 1856 साली एका कुरणात प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. कुरणाचे तुकडे पाडले. काहींना खत द्यायचं, काहींना काहीच नाही. उद्देश होता चारा वाढवण्याचा, आणि चारा वाढलाही. पण भरपूर नत्र मिळालेल्या तुकड्यांत दोन-चार जातींचं उंच गवत उरलं, आणि ज्याला कधीच काही मिळालं नाही त्या तुकड्यात आजही चाळीसच्या आसपास जाती नांदतात. तिथलं हवामान वेगळं, वनस्पती वेगळ्या. पण खत मिळालं की उंच गवत माजतं आणि त्याच्या सावलीत बुटक्या जाती मरतात, हा नियम दोन्हीकडे सारखा लागू आहे.

मग गुरं सोडा मोकळी, असं मी म्हणतोय का? नाही. चराई किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात, यावर सगळं अवलंबून आहे. खळग्यातला वायतुरा फुलावर असताना म्हशी त्यात बसल्या तर त्याचं नुकसानच होईल. बी पडून गेल्यावर, नोव्हेंबरात, गवत कापून नेलं तर बहुधा भलंच होईल. हे ठरवायला गावातल्या गुराख्याचं ज्ञान आणि वनस्पतिशास्त्रज्ञाची नोंदवही एका टेबलावर यायला हवी. पठाराचे पट्टे पाडून, एकात चराई, एकात कापणी, एकात काहीच नाही, असं दहा-पंधरा वर्षं धीराने पाहिलं पाहिजे. कुंपण घालणं आणि कुंपण काढणं हे दोन्ही निर्णय सोपे आहेत. मोजत राहणं हे खरं काम आहे.

कुंपणाने दिलेलं गवताचं खत हे आपलं पहिलं देणं. दुसरं देणं आहे झाडांचं. वृक्षारोपणाबद्दल वाईट बोलायला हल्ली धैर्य लागतं, तरी बोलतो. उघडा माळ दिसला की तिथे खड्डे खणून रोपं लावायची, ही आपली सवय झाली आहे. सह्याद्रीत आणि कोकणात कितीतरी माळांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी लावली गेली. गिरिपुष्पाला नत्र स्थिर करण्याचं कौतुकाचं कसब आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीलाही ते आहे. शेताच्या बांधावर ते वरदान. कासच्या दगडावर तेच विष, कारण ती झाडं जमीन सुपीक करतात आणि सावली टाकतात. म्हणजे दवबिंदू आणि आसवांना जे दोन नको तेच नेमकं पुरवतात. देशी झाड लावलं तरी उत्तर बदलत नाही. वड देशी आहे, जांभूळ देशी आहे. पण या कातळाचे मूळ रहिवासी वीतभर उंचीचे आहेत. पठाराच्या कडेला, जिथे माती खोल आहे, तिथे अंजनी आणि जांभळीचं रान आपसूक आहेच. ते तिथेच शोभतं.

तिसरं देणं सोयींचं. रस्ता रुंद करणं, गाड्या लावायला जागा, विश्रांतिगृहं, खाण्याच्या टपऱ्या. यवतेश्वर-कास रस्त्याच्या कडेने वाढलेली बांधकामं आपण सगळे बघतो. पठाराच्या हद्दीत ती नाहीत, हे खरं. पण जांभ्याचं पाणी हद्द पाळत नाही. वरच्या अंगाला मुरूम टाकला, सांडपाणी सोडलं, की खालच्या ओल्या पट्ट्यात खतच पोचतं. दिवसाला 3000 माणसं हा आकडा माणसांच्या सोयीने ठरलेला आहे. पठाराची सोय बघायची तर त्यात हंगामाचे महिने, पायवाटांची रुंदी आणि गाड्यांची संख्या हेही यायला हवं.

आणि कास हे नशीबवान पठार आहे, हे विसरू नका. ते राखीव वनात आहे, जगाच्या यादीत आहे, त्याच्यासाठी वर्तमानपत्रात रकाने भरतात. त्याच्या शेजारची, त्याच जांभ्याची, तशाच वनस्पतींची पठारं उघडी पडली आहेत. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोल्हापूरच्या पश्चिमेला बॉक्साइटसाठी पठारं खणली गेली. रत्नागिरीच्या सड्यांवर चिऱ्याच्या खाणी आहेत, आणि त्याच सड्यांवर ती कातळशिल्पं आहेत जी 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. शिल्पांमुळे निदान काही सड्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. शिल्प कोरलेला कातळ आणि त्या कातळाच्या भेगेतली दीपकाडी या दोन्ही गोष्टी एकाच दगडावर आहेत. राखायच्या तर दोन्ही एकदमच राखल्या जातील.

कायद्याने आपल्याला एक साधन दिलं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्याच कायद्याच्या 37 व्या कलमाखाली राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. गडचिरोलीतलं आलापल्लीचं वन, पुण्याचं गणेशखिंड उद्यान, सिंधुदुर्गातलं बांबर्डे-हेवाळ्याचं दलदलीतलं जायफळाचं रान, आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळचं माशाचं तळं, ही सगळी अशी जाहीर झालेली आहेत. यातलं माशाचं तळं किती लहान आहे ते जाऊन बघा. जागा मोठी असावी लागते, हा गैरसमज तिथे फिटतो. एका गावाचा एक माळही या यादीत येऊ शकतो. पण त्याआधी तो माळ नोंदवहीत यायला हवा, आणि त्यावर काय आहे ते कुणीतरी लिहिलेलं हवं. पुष्कळ गावांच्या नोंदवह्यांत भात, नाचणी, आंबा, वड, पिंपळ आहेत. माळाचं पान कोरं आहे.

म्हणून तुम्हाला माझी विनंती मोजकी आहे. तुमच्या गावाच्या माळावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला तर आधी विचारा, पावसाळ्यात इथे काय उगवतं ते कुणी पाहिलंय का. पाहिलं नसेल तर कार्यक्रम गावठाणात, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला हलवा. कासला जाणार असाल तर सप्टेंबरचा शनिवार-रविवार सोडून जा, पायवाट सोडू नका, आणि वाटेच्या कडेला बसून वीतभर जागा नीट बघा. जे शिक्षक इथे बसले आहेत त्यांनी पुढच्या जून ते ऑक्टोबर आपल्या शाळेच्या जवळच्या माळाची मुलांकडून नोंद करून घ्यावी: कोणत्या आठवड्यात काय फुललं, कुठल्या खळग्यात, किती. फोटो, तारीख आणि जागा, एवढं पुरे. नाव कळलं नाही तरी चालेल, ते सांगायला महाविद्यालयात आणि विद्यापीठात माणसं आहेत. ती वही पूर्ण झाली की तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे द्यावी आणि पोच घ्यावी. सरांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेच्या आयोजकांनी पुढच्या वर्षी अशा वह्यांचं वाचन एका संध्याकाळी ठेवावं, ही त्यांना विनंती करून मी थांबतो.